मुंबई-लंडन हवाई मार्ग

मुंबई-लंडन हवाई मार्ग : भारतातील मुंबई व इंग्लंडमधील लंडन या शहरांना जोडणारा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग. दोन्ही शहरांच्या प्रमुख विमानतळांमधील भूपृष्ठावरील किमान अंतर सु. ७,२०० किमी. आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या दोन शहरांमधील प्रवासास शिडाच्या जहाजाने चार ते सहा महिने लागत. १९३१ च्या सुमारास आगबोट व आगगाडी मिळून हा प्रवास पंधरवड्यात होई. १९४८ मध्ये विमानाने तिसऱ्या दिवशी लंडन गाठता येऊ लागले आणि आज हे अंतर सु. दहा तासांत, वाटेत कोठेही न उतरता पार केले जाते. अंतर तेच राहिले. प्रवासकाल मात्र सतत बदलत गेला. विमानाचा वाढता वेग हे त्याचे एकमेव कारण नव्हे. एका उड्डाणात विमान किती दूर जाऊ शकते, वाटेत उतरण्याची सोय कोठे आहे आणि वाटेवरील राष्ट्रे आपल्या प्रदेशावरून जाऊ देतात की नाही, या तीन गोष्टींवर तो अवलंबून राहिला आहे. यांपैकी पहिल्या दोन अडचणी तंत्रविद्येने दूर केल्या. तिसरी अजूनही कायम असून या मार्गाचा इतिहास मुख्यतः तिच्याशी निगडित आहे.

अंतर व दिशा : पृथ्वी जवळजवळ गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठावरील दोन स्थळांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे ज्याची पातळी पृथ्वीच्या मध्यातून जाते अशा वर्तुळाचा, कंस असतो. मुंबईचा विमानतळ १९° ५′ उ. अक्षांश व ७२° ५२′ पू. रेखांश, तर लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१° २८′ उ. अक्षांश व ०° २७′ प. रेखांश येथे आहे. या दोहोंमधील बृहद्‌वृत्तीय कंस सु. ६५ अंशांचा भरतो. एक अंश म्हणजे सु. १११ किमी. हे प्रमाण धरल्यास अंतर सु. ७,२०० किमी. येते. नेहमीच्या सपाट नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा ओढून होकायंत्राची एकच दिशा कायम ठेवून गेल्यास हेच अंतर सु. ७,४०० किमी. होते. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात सु. २०० किमी.नी लांबची आहे.

बृहद्‌वृत्तीय मार्ग मुंबईहून वायव्येस निघून कराचीजवळून बलुचिस्तानात शिरतो. तेथून पूर्व व उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, अझरबैजान व जॉर्जिया या प्रदेशांवरून तो काळ्या समुद्राकडे जातो. या मार्गाचा मध्यबिंदू जॉर्जियाची राजधानी तबिलिसी हिच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर येतो. पुढे क्रिमिया, युक्रेन, पोलंडचा दक्षिण भाग, चेक प्रजासत्ताक व जर्मनी यांवरून तो उत्तर समुद्राच्या दक्षिण टोकाशी व तेथून लंडनला पोहोचतो. या मार्गाचा इतिहास समजून घेताना प्रदेशांची ही यादी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण यांपैकी बहुतेक प्रदेशांवरील आकाश विमानवाहतुकीला कधी ना कधी बंद राहिले आहे.

पूर्वपीठिका : आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे मुंबई ते लंडन हे सागरी अंतर सु. १९,८०० किमी. होते. शिडाच्या जहाजांना मोसमी वाऱ्यांची वाट पाहावी लागे, त्यामुळे पत्राचे उत्तर येण्यास वर्षही लागे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली व २२ एप्रिल रोजी सुएझला पोहोचली. तेथून ईजिप्तची जमीन ओलांडून भूमध्य समुद्रातून इंग्लंडला जाण्याचा मार्ग टपालासाठी उपयोगी पडू शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. तथापि आगबोटीला वाटेत कोळसा लागे. या निकडीतून एडनचे महत्त्व वाढले आणि १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते बंदर ताब्यात घेतले. पुढील शतकात विमानांसाठी इराणी आखाताच्या किनाऱ्यावर जे घडले, त्याची ही पूर्वसूचना म्हणता येईल. वाहनाला मध्येच थांबावे लागते, तेथे थांब्याची जागा राजकीय महत्त्वाची ठरते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाल्यावर सागरी अंतर सु. ११,६०० किमी. वर आले. पुढे मुंबई ते मार्से हा प्रवास बोटीने व तेथून लंडनपर्यंतचा आगगाडीने करण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून राजपुताना बोटीने निघाले, ११ सप्टेंबर रोजी मार्सेला उतरले व १२ सप्टेंबर रोजी लंडनला पोहोचले. हे चौदा दिवस म्हणजे आगबोटीच्या युगातील या प्रवासाची जवळजवळ किमान मर्यादा होती.

आरंभीची उड्डाणे : इंग्लंडहून भारतात आलेले पहिले विमान हे पहिल्या महायुद्धासाठी बांधलेले बाँबफेकी विमान होते. हँडली पेज कंपनीचे चार एंजिनांचे हे विमान १३ डिसेंबर १९१८ रोजी इंग्लंडमधून निघाले व ३० डिसेंबर रोजी कराचीला पोहोचले. बोटीने लागणाऱ्या वेळेपेक्षा हा वेळ फारसा कमी नव्हता. परंतु हवेतून भारत गाठणे शक्य आहे, हे सिद्ध झाले. डिसेंबर १९२६ च्या अखेरीस ब्रिटनचे हवाईमंत्री सर सॅम्युएल होर हे प्रवासी विमानाने लंडनहून निघाले आणि ८ जानेवारी १९२७ रोजी दिल्लीस पोहोचले. नियमित सेवेची ती पूर्वतयारी होती.

याच काळात विमानाऐवजी वायुनौकेने भारत गाठण्याची योजना ब्रिटिश सरकारने हाती घेतली होती. त्यासाठी कराची येथे प्रचंड निवारा बांधण्यात आला. तथापि आर-१०१ ही वायुनौका कराचीकडे निघाली असता ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळून पेटली व ४८ जण मृत्यू पावले. मृतांत हवाईमंत्री लॉर्ड टॉमसन हेही होते. या दुर्घटनेनंतर ब्रिटनने वायुनौकांची योजना सोडून दिली.

भारतीय वैमानिकांनीही या मार्गावर लवकरच पाऊल टाकले. इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीय वैमानिकासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये ॲस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून, तर जे. आर. डी. टाटा हे कराचीहून निघाले. ईजिप्तमधील अबुकीर येथे त्यांची गाठ पडली. इंजिनिअर यांचे विमान सुट्या भागाअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळील स्पार्क प्लग त्यांना दिला. काही तासांच्या फरकाने पारितोषिक इंजिनिअर यांना मिळाले.

इंपीरियल एअरवेजची सेवा (१९२९–४०) : ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची ही साप्ताहिक सेवा सुरू केली. प्रवासास सात दिवस लागत व भाडे १३० पौंड होते. लंडनहून (क्रॉयडन) स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत विमान, तेथून इटलीतील जेनोआपर्यंत आगगाडी, जेनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान (फ्लाइंग बोट) आणि पुढे गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बूशहर, लिंगे, जास्क व ग्वादर या थांब्यांवरून कराचीपर्यंत जमिनीवर उतरणारे विमान, अशी या प्रवासाची रचना होती. विमानसेवेत आगगाडीचा टप्पा यावा, याचे मुख्य कारण इटलीने आपल्या हवाई हद्दीत प्रवेशावर घातलेले निर्बंध हे होते. पुढेही अनेक वर्षे पॅरिस ते ब्रिंडिझी हा टप्पा प्रवाशांना आगगाडीनेच पार करावा लागे. लंडन ते कराची हे बृहद्‌वृत्तीय अंतर सु. ६,३०० किमी. आहे, प्रत्यक्ष मार्ग मात्र सु. ८,००० किमी. पडत असे.

त्या काळी विमाने ताशी सु. १६० किमी. वेगाने उडत आणि काही शे किलोमीटरनंतर त्यांना इंधनासाठी उतरावे लागे. रात्रीचे उड्डाण बहुधा टाळले जाई. प्रवासी सायंकाळी विश्रामगृहात उतरत व पहाटे पुन्हा निघत. पश्चिम आशियातील वाळवंटात खुणा नसल्यामुळे वैमानिकांना दिशा कळावी म्हणून ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपालमार्गासाठी १९२१ मध्ये काही भागात जमिनीवर नांगराने तास काढून ठेवले होते. सात दिवसांपैकी प्रत्यक्ष हवेतील काळ याप्रमाणे थोडाच असे; बाकीचा वेळ थांबे, मुक्काम व वाहनबदल यांत जाई.

मार्गातील सर्वांत नाजूक दुवा इराणचा किनारा हा होता. इराण सरकारने त्यावरून जाण्यास मर्यादित काळापुरती परवानगी दिली होती व १९३२ मध्ये ती संपली. परिणामी इंपीरियल एअरवेजला आपला मार्ग आखाताच्या दक्षिणेकडील अरब किनाऱ्यावर हलवावा लागला. शारजाच्या शेखांशी जुलै १९३२ मध्ये करार होऊन तेथे विमानतळ व प्रवाशांसाठी किल्लेवजा विश्रामगृह बांधण्यात आले आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये तेथे पहिले विमान उतरले. कुवेत, बहारीन व शारजा ही नावे जागतिक हवाई नकाशावर आली ती एका देशाने परवानगी नाकारल्यामुळे. आखाती प्रदेश पुढे जगातील प्रमुख हवाई केंद्र बनला, त्याची एक सुरुवात येथे झालेली दिसते.

मुंबईचे स्थान : या सर्व काळात मुंबई मुख्य हवाई मार्गावर नव्हती. सागरी मार्गाने भारताचे प्रवेशद्वार मुंबई हे होते. हवाई मार्गाने ते कराची झाले. लंडनहून आलेली सेवा कराचीहून दिल्लीकडे व पुढे कलकत्ता, रंगून, सिंगापूर अशी वाढत गेली. १९३८ पासून पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची साम्राज्य हवाई टपाल योजना भारतास लागू झाली, तेव्हाही फ्लाइंग बोटी कराचीहून ग्वाल्हेर व अलाहाबाद या मार्गाने कलकत्त्यास जात. मुंबईस येत नसत.

ही उणीव टाटांच्या टपालसेवेने भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी लंडनहून कराचीस आलेले टपाल पस मॉथ जातीच्या लहान विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले व जुहूच्या मैदानावर उतरविले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणण्यात आले होते. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत हे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, त्यामुळे त्या काळात सेवा पुण्याहून चालविली जाई. मुंबई व लंडन ही शहरे नियमित हवाई टपालाने जोडली गेली ती या दिवसापासून असे म्हणता येते. लंडनमधील महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३२ सालचीच आहे. त्या संस्थेच्या आरंभीच्या पिढीला गावाकडचे पत्र महिन्याच्या आत उत्तरासह मिळण्याची शक्यता हवाई टपालाने निर्माण केली.

जून १९४० मध्ये इटली दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्रावरील नागरी वाहतूक थांबली. लंडनशी असलेला थेट दुवा तुटला व दरबानहून कैरो, कराची व कलकत्ता यांमार्गे सिडनीपर्यंत जाणारा, नालेच्या आकाराचा मार्ग वापरात आला. आगबोटींप्रमाणेच टपालालाही पुन्हा आफ्रिकेच्या टोकाचा आधार घ्यावा लागला.

एअर-इंडिया इंटरनॅशनल : युद्धकाळात लांब पल्ल्याच्या विमानांची झपाट्याने प्रगती झाली. लॉकहीड कंपनीच्या कॉन्स्टेलेशन विमानातील कक्षात हवेचा दाब राखलेला असे, त्यामुळे ते बऱ्याच ढगांच्या वरून उडू शके; त्याचा वेग ताशी सु. ५०० किमी. होता. १९४७ मध्ये फाळणी होऊन कराची पाकिस्तानात गेले आणि भारताच्या पश्चिमेकडील हवाई प्रवेशद्वाराचे स्थान मुंबईस प्राप्त झाले. ८ मार्च १९४८ रोजी भारत सरकार व टाटांची एअर-इंडिया यांच्या भागीदारीत एअर-इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी नोंदविण्यात आली. तिचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ रोजी ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जून रोजी लंडनला पोहोचले. भाडे १,७२० रुपये होते. कैरो व जिनीव्हामार्गे हा प्रवास सु. ७,९०० किमी. पडे, म्हणजे किमान अंतरापेक्षा सु. ७०० किमी. अधिक. तथापि १९२९ च्या सेवेशी तुलना करता थांब्यांची संख्या दोनवर आली होती व आगगाडीचा टप्पा नाहीसा झाला होता. स्वतंत्र भारताची पहिली नियमित दूरपल्ल्याची आंतरराष्ट्रीय विमानसेवा म्हणून या उड्डाणाला राष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ही कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे आली.

झोत विमानांचे युग : ब्रिटनच्या बीओएसी या निगमाने १९५२ मध्ये कॉमेट या झोत एंजिनाच्या विमानाने लंडनहून दक्षिण आशियाकडे सेवा सुरू केली. तिने प्रवासकाल एकदम कमी केला. परंतु लागोपाठच्या अपघातांनंतर एप्रिल १९५४ मध्ये ही विमाने सेवेतून काढून घ्यावी लागली. कक्षातील दाब वारंवार कमी-जास्त झाल्याने धातूला येणारा शिणवटा हे त्या अपघातांमागील कारण चौकशीत आढळले. या शोधाचा लाभ पुढील सर्व विमानांच्या रचनेला झाला.

एअर-इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ ही झोत विमाने घेतली व त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ती लंडन मार्गावर सुरू केली. मे महिन्यात हा मार्ग न्यूयॉर्कपर्यंत वाढविण्यात आला. ताशी सु. ९०० किमी. वेगामुळे लंडनपर्यंतचा हवेतील काळ सु. दहा तासांवर आला. १९७१ मध्ये बोइंग ७४७ या विशालकाय विमानांचा प्रवेश झाला. या विमानाने वेगात फारशी भर घातली नाही. त्याने आसनांची संख्या दुपटीहून अधिक केली व भाडे सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आणण्यास हातभार लावला. पुढे विमानांचा पल्ला वाढत जाऊन मुंबई-लंडन हे अंतर न उतरता पार करणे नित्याचे झाले. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६० नंतर प्रवासी विमानांचा नेहमीचा वेग जवळजवळ स्थिर राहिला आहे. त्यानंतर प्रवासकाल कमी झाला तो मुख्यतः थांबे गाळल्यामुळे.

अपघात : या मार्गाच्या इतिहासातील दोन दुर्घटना एकाच पर्वताशी निगडित आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हेच विमान जिनीव्हाकडे उतरत असताना आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ (उंची सु. ४,८०७ मी.) या शिखरावर आदळले व त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले ‘कांचनजंघा’ हे बोइंग ७०७ विमान त्याच परिसरात कोसळले व ११७ जणांचा अंत झाला. त्यांत भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा हे होते. विमानाचे शिखरापासूनचे स्थान वैमानिक व जमिनीवरील नियंत्रक यांच्या बोलण्यात नीट स्पष्ट न होता विमान खाली उतरू लागले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दोन्ही विमाने वाटेतील जिनीव्हा या थांब्यासाठी उंची कमी करत होती. थांबे गाळले गेल्याने वेळ वाचला. तसेच उतरणे व चढणे या उड्डाणातील सर्वांत धोक्याच्या अवस्थांची संख्याही घटली.

हवाई हद्द व राजकारण : प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूप्रदेशावरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते, हे तत्त्व १९१९ च्या पॅरिस करारात मान्य झाले व ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारात ते पुन्हा नमूद करण्यात आले. समुद्र सर्वांना खुला असतो. आकाश तसे नसते. मुंबई-लंडन मार्ग अनेक राष्ट्रांवरून जात असल्यामुळे या तत्त्वाचे परिणाम त्याच्यावर वारंवार झाले आहेत.

मार्गाचा मधला भाग, म्हणजे कॉकेशस ते युक्रेन हा प्रदेश, १९९१ पर्यंत सोव्हिएट संघात होता. त्यामुळे मुंबईहून जाणारी विमाने दक्षिणेकडून, पश्चिम आशिया व भूमध्य समुद्र यांवरून जात. परंतु तो प्रदेशही शांत नव्हता. जून १९६७ च्या अरब-इझ्राएल युद्धानंतर सुएझ कालवा जून १९७५ पर्यंत बंद राहिला व जहाजांना पुन्हा केपचा वळसा पडला. १९७५ मध्ये लेबाननमधील यादवी युद्धामुळे बेरूत हा महत्त्वाचा थांबा निकामी झाला. १९८० ते १९८८ या काळात इराण-इराक युद्ध चालू होते व १९९१ मध्ये आखाती युद्ध झाले. वेगाच्या प्रश्नातही परवानगीचा मुद्दा निर्णायक ठरल्याचे उदाहरण म्हणजे काँकॉर्ड हे स्वनातीत विमान होय. लंडन-बहारीन ही सेवा त्याने जानेवारी १९७६ मध्ये सुरू केली व पुढे ती सिंगापूरपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. पण भारताच्या हवाई हद्दीतून स्वनातीत वेगाने जाण्यास संमती न मिळाल्याने व मलेशियानेही आक्षेप घेतल्याने ती १९८० मध्ये बंद पडली.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर बृहद्‌वृत्ताजवळील मार्ग प्रथमच मोठ्या प्रमाणावर खुला झाला. मात्र ही स्थिती टिकली नाही. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालुंपुरला जाणारे मलेशियन विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले व २९८ जण ठार झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युक्रेनचे संपूर्ण आकाश नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानचे आकाश २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते व २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद करण्यात आले. जून २०२५ मध्ये इझ्राएल-इराण संघर्षात इराण व इराक यांचे आकाशही काही दिवस बंद राहिले. पाकिस्तानवरून जाता येत नसल्यास भारतीय विमानास मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून ओमान व आखातावरून जावे लागते. आखातही बंद झाल्यास सौदी अरेबिया व ईजिप्तचा वळसा पडतो. असा वळसा इंधन, वेळ व वैमानिकांच्या कामाचे तास वाढवितो आणि त्याचा भार अखेर भाड्यावर पडतो.

प्रवासकाल : मुंबईहून लंडनला जाण्यास सर्वसाधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, तर लंडनहून मुंबईस येण्यास साडेआठ ते साडेनऊ तास पुरतात. हा फरक मध्य अक्षांशांवर सु. ९ ते १२ किमी. उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या झोतवाऱ्यांमुळे पडतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास हे वारे साहाय्य करतात व पश्चिमेकडे जाणाऱ्यास विरोध करतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ असतात, त्यामुळे हिवाळ्यात दोन्ही दिशांच्या वेळांतील तफावत वाढते.

घड्याळाच्या वेळेचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना हे अंतर साडेचार तास होते. हिवाळ्यात दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेला प्रवासी दहा तासांनंतर लंडनला उतरतो, तेव्हा तेथे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. घड्याळानुसार प्रवास साडेचार तासांचाच भासतो. उलट लंडनहून सकाळी १० वाजता निघालेला प्रवासी नऊ तासांनी मुंबईस पोहोचतो, तेव्हा येथे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा झालेले असतात. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये स्वीकारली गेली असली, तरी मुंबई शहरात ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत प्रचारात होती. बोटीच्या प्रवासात वेळेतील फरक दररोज थोडाथोडा पडे व प्रवाशाला तो जाणवत नसे. विमानप्रवासात तो एकदम पडत असल्यामुळे झोप, भूक व शरीराचे तापमान यांचा दैनंदिन क्रम विस्कळित होतो व तो पूर्ववत होण्यास काही दिवस लागतात. पूर्वेकडील प्रवासानंतर हा त्रास बहुधा अधिक जाणवतो.

महत्त्व : मुंबई-लंडन मार्गाने प्रथम टपाल, नंतर मोजके अधिकारी व धनिक आणि अखेर विद्यार्थी, नोकरदार व त्यांचे कुटुंबीय अशी वाहतूक केली. बोटीच्या काळात परदेशी गेलेल्या माणसाला घरी आजारपण वा मृत्यू झाल्याचे तारेने कळे. येता मात्र येत नसे. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचण्याची शक्यता हा हवाई मार्गाने सामान्य कुटुंबाच्या जीवनात घडविलेला सर्वांत मोठा बदल होय. हा बदल यंत्राच्या सामर्थ्यामुळे शक्य झाला, तरी तो टिकून आहे तो वाटेवरील अनेक राष्ट्रांच्या संमतीमुळे. १९३२ मध्ये इराणने परवानगी नाकारल्यावर शारजाचा विमानतळ उभारावा लागला. २०२२ व २०२५ मध्ये पूर्व यूरोप व दक्षिण आशिया यांतील आकाशे बंद झाल्यावर विमानांना पुन्हा त्याच आखाताकडे वळावे लागले. या दोन काळांमध्ये विमानाचा वेग पाचपटीहून अधिक वाढला. आकाशाच्या मालकीचा नियम मात्र बदललेला नाही.